‘एवोवाए’ : सूचीतल्या एका नोंदीचं प्रकरण

पार्श्वभूमी

युरोपातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात चर्चमध्ये गायच्या जुन्या हस्तलिखित पोथ्यांचा संग्रह आहे. त्या संग्रहाच्या डिजिटल सूचीचं काम चालू असताना जे घडलं ते इथे मांडते आहे. ग्रंथालयाचं आणि माणसांची नावं गाळली आहेत, ओळख पटेल असे काही किरकोळ तपशील बदलले आहेत. मी या कामात मेटाडेटाच्या बाजूला होते. म्हणजे कोणती माहिती कुठल्या रकान्यात जायची, हे ठरवणाऱ्यांपैकी एक.

या पोथ्या बहुतेक ‘अँटिफोनरी’ या प्रकारातल्या. मठात किंवा कॅथेड्रलमध्ये दिवसभराच्या ठरलेल्या प्रार्थनांच्या वेळी जे गायचं, त्याची ही पोथी. मिस्सेतल्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेतल्या, गाण्यांची वेगळी असते, तिला ग्रॅज्युअल म्हणतात. आकार अवाढव्य, कारण सगळा गायकवृंद एकाच पोथीपुढे उभा राहून लांबून वाचायचा. कातड्याची पानं, चार तांबड्या रेघा, त्यांवर चौकोनी स्वरचिन्हं आणि खाली काळ्या शाईत लॅटिन शब्द. पान उलटायला दोन माणसं लागायची. हे मी स्कॅनिंगच्या खोलीत पाहिलेलं आहे.

स्कॅनिंगनंतर पानांवरचा मजकूर स्वयंसेवकांनी टंकित केला. त्यांना सूचना सोपी होती : तांबडं किंवा सजवलेलं मोठं अक्षर दिसलं, की तिथे नवं गाणं सुरू झालं असं समजा आणि त्याचे पहिले काही शब्द लिहा. पहिल्या शब्दांची सूची हाच अशा पोथ्यांत शिरायचा दरवाजा असतो, कारण या गाण्यांना शीर्षकं नसतात. सुरुवातीचे शब्द हेच त्यांचं नाव.

अडचण

सूची पहिल्यांदा वर्णानुक्रमे लावली तेव्हा एक ‘गाणं’ बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वेळा आलेलं दिसलं. नाव ‘एवोवाए’. ते शेकड्यांनी होतं. नाताळला होतं, ईस्टरला होतं, संतांच्या दिवशी होतं, साध्या सोमवारीही होतं. शिवाय त्याची रूपं निरनिराळी. कुठे ‘एवोवाए’, कुठे ‘एउओउआए’, कुठे सहा अक्षरं सुटी सुटी. काही ठिकाणी नुसती शेवटची दोन, ‘आ ए’. चांगली शाळकरी लॅटिन येणाऱ्या एका स्वयंसेवकाने तर सुरुवातीला आणखी एक अक्षर घालून ते ‘दुरुस्त’ केलं होतं. त्याचं कारण पुढे येईल.

एवढंच असतं तर सूचीतला कचरा म्हणून निस्तरता आलं असतं. पण दोन ठिकाणी याचा परिणाम बाहेर पडला होता.

पहिलं, टिपांच्या रकान्यात कुणीतरी लिहिलं होतं की हा मद्यदेवता बाखुसच्या उत्सवातला प्राचीन जयघोष आहे, ख्रिस्ती गायनात शिल्लक राहिलेला. ही टीप तिथून उचलली जाऊन एका छोट्या प्रदर्शनाच्या फलकाच्या मसुद्यात गेली. वाचायला झकास होती, म्हणूनच गेली.

दुसरं जास्त गंभीर. संग्रहात सुटी पानंही पुष्कळ आहेत. पोथ्या मोडून पानं एकेक विकण्याचा धंदा युरोपात बराच चालला, त्याची ही शिल्लक. त्या पानांची वर्गवारी ‘पान कोणत्या गाण्याने सुरू होतं’ यावर केली होती. त्यामुळे ज्यांच्या माथ्यावर ही सहा अक्षरं होती, अशी वेगवेगळ्या पोथ्यांतली, वेगवेगळ्या हातांची पानं एकाच फोल्डरमध्ये जाऊन बसली होती.

सहा अक्षरांमागे काय आहे

शब्दाचा उलगडा व्हायला वेळ लागला नाही. तो कोणत्याही चांगल्या संगीतकोशात मिळतो. प्रत्येक स्तोत्राच्या शेवटी एक ठरलेली स्तुती म्हणतात : ‘ग्लोरिया पात्री, एत फिलिओ, एत स्पिरितुई सांक्तो. सिकुत एरात इन प्रिंचिपिओ, एत नुंक, एत सेंपेर, एत इन सेकुला सेकुलोरुम. आमेन.’ पित्याला, पुत्राला आणि पवित्र आत्म्याला गौरव असो. जसा आरंभी होता तसा आता आणि सदैव, युगानुयुग, आमेन. यातले शेवटचे दोन शब्द घ्या : सेकुलोरुम आमेन. से, कु, लो, रुम, आ, मेन. व्यंजनं काढून टाका आणि नुसत्या मात्रा ठेवा. उरतं ए, उ, ओ, उ, आ, ए.

देवनागरी वाचणाऱ्याला हे लवकर कळतं, कारण अक्षरातून मात्रा वेगळी काढून पाहायची डोळ्याला सवय असते. रोमन लिपीत स्वर आणि व्यंजन एकाच रांगेत सारख्याच मापाने उभे असतात, त्यामुळे सहा स्वर सलग आले की तो शब्दच वाटतो. त्यात लॅटिनमध्ये ‘उ’ आणि ‘व’ यांना त्या काळी वेगळी अक्षरं नव्हती. मोठ्या अक्षरांत दोन्हींना टोकदार रूप. म्हणून ‘एउओउआए’चं ‘एवोवाए’ झालं, आणि मध्ये ‘व’ दिसू लागल्यावर तर ते उच्चारताही येऊ लागलं. गिनेसच्या विक्रमांत ‘फक्त स्वरांनी बनलेला सर्वांत लांब इंग्रजी शब्द’ म्हणून याची नोंद झाली आहे. शब्दकोडी सोडवणाऱ्यांना तो तेवढ्यासाठीच ठाऊक असतो.

त्या ‘दुरुस्ती’चं कारणही इथेच आहे. अभिजात लॅटिनमध्ये हा शब्द ‘साएकुलोरुम’ असा, सुरुवातीला जोडस्वर घेऊन लिहितात. मध्ययुगात तो जोडस्वर साधा ‘ए’ झाला आणि लेखनातही उतरला. ही सहा अक्षरं त्या मध्ययुगीन लेखनावरून आलेली आहेत. अभिजात नियमाने ती सात व्हायला हवीत असं वाटणं साहजिक आहे, पण पोथीत ती सहाच आहेत.

आता खरा मुद्दा : ही अक्षरं तिथे कशाला? स्तोत्रं गायची पद्धत अशी. आधी अँटिफोन, म्हणजे एक छोटं गाणं. मग स्तोत्राची एकेक ओळ एका ठरावीक चालीवर : सुरुवातीची चढण, मग एकाच मुख्य स्वरावर बहुतेक शब्द, मध्ये एक विसावा, शेवटी उतरण. अशा आठ मोडांच्या, म्हणजे स्वरांच्या आठ ठरलेल्या चौकटींच्या, आठ चाली, आणि नियमात न बसणारी एक नववी. सगळ्या ओळी झाल्या की वरची स्तुती त्याच चालीवर, आणि लगेच पुन्हा तोच अँटिफोन. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमानुसार मठात आठवड्याभरात दीडशेच्या दीडशे स्तोत्रं म्हणून व्हायची. म्हणजे हे वळण दिवसातून कितीतरी वेळा घ्यावं लागायचं.

अडचण त्या वळणावर आहे. चाल एक, पण तिला जोडलेले अँटिफोन शेकडो, आणि प्रत्येकाची सुरुवात वेगळ्या स्वरावर. अभंग म्हणताना चरणाचा शेवट असा सोडावा लागतो की टाळकऱ्यांना ध्रुपद अलगद उचलता यावं, इथेही तेच. म्हणून एकाच चालीला निरनिराळे शेवट तयार झाले. त्यांना ‘डिफरेंशिया’ म्हणतात. पहिल्या मोडच्या चालीला असे शेवट भरपूर, दुसऱ्या मोडला प्रचलित पुस्तकांत एकच. गायकाला अँटिफोन संपता संपता कळायला हवं, की आता येणारं स्तोत्र कुठल्या शेवटाने उतरवायचं. स्तुती सर्वांना तोंडपाठ. ती पुन्हा लिहिणं म्हणजे महागडं कातडं फुकट घालवणं. मग लेखनिकाने शेवटच्या सहा अक्षरांचे फक्त स्वर लिहिले आणि त्यांच्यावर तो शेवट स्वरचिन्हांत मांडला.

म्हणजे माहिती अक्षरांत नाहीच. ती अक्षरांच्या डोक्यावरच्या चिन्हांत आहे. आमच्या सूचीत अक्षरं शेकडो वेळा आली होती, आणि चिन्हं एकदाही नाही.

अर्थ शोधण्याची खाज

बाखुसचा जयघोष कुठून आला तेही पाहू. ग्रीक-रोमन जगात बाखुसच्या उत्सवात ‘एउओए’ असा ओरडा होताच. व्हर्जिल आणि होरेस या दोघा रोमन कवींच्या काव्यात तो येतो. दोन्ही स्वरांनी भरलेले, ऐकायला जवळचे, आणि चर्चच्या पोथीत लपलेला मद्यदेवतेचा घोष ही कल्पना कुणालाही मोहात पाडेल अशी. पण पोथीतल्या सहा अक्षरांशी त्या ओरड्याचा काही संबंध नाही. ‘सेकुलोरुम आमेन’ काही पोथ्यांत पूर्ण लिहिलेलं सापडतं, त्याच जागी आणि तशाच स्वरांवर. एवढा पुरावा पुरे.

ही खाज जुनी आहे. नवव्या शतकात रेओमच्या ऑरेलियन नावाच्या भिक्षूने संगीतावर ग्रंथ लिहिला. त्या काळी प्रत्येक मोडची ओळख पटावी म्हणून ‘नोएआने’, ‘नोएआगिस’ अशा अक्षरांवर छोट्या चाली गात. अक्षरं बायझंटाइन परंपरेतून आलेली. ऑरेलियनला वाटलं, यांना काहीतरी अर्थ असणार. म्हणून त्याने एका ग्रीकालाच विचारलं. ग्रीक म्हणाला, अर्थ काही नाही, आनंदाचे उद्गार आहेत; आणि जनावरं हाकताना माणसं जे आवाज काढतात, त्यांचा दाखला त्याने दिला. आपल्याकडे तराण्यातल्या ‘तोम, तनन, ओदानी’वरून असाच वाद आहे, आणि उस्ताद अमीर खाँ त्यांत फारसी-अरबी अर्थ आहेत असं ठामपणे मांडत. एवोवाएचं बरं असं, की त्यात वादाला जागा नाही.

समोर असलेले पर्याय

उलगडा झाल्यावर काम संपलं असं काहींना वाटलं. माझ्या मते ते तिथून सुरू झालं. बैठकीत चार वाटा पुढे आल्या.

पहिली : सगळ्या ‘एवोवाए’ नोंदी पुसून टाकायच्या. हे गाणं नाही, मग गाण्यांच्या सूचीत कशाला? संगणक विभागाला ही वाट आवडली होती, कारण एका आज्ञेत काम झालं असतं. पण पुसलं की त्या जागी पानावर काहीतरी होतं ही खूणही गेली.

दुसरी : जसं आहे तसं ठेवायचं, फक्त वर एक खुलासा टाकायचा. पोथीत जे दिसतं ते लिहा, अर्थ लावू नका, असं मानणारे सूचीकार असतात आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण सुट्या पानांचा घोळ याच वाटेने झाला होता.

तिसरी : प्रत्येक ठिकाणी अक्षरं फोडून ‘सेकुलोरुम आमेन’ लिहायचं. वाचकाला सोपं. मात्र मग पोथीत पूर्ण शब्द कुठे आहेत आणि संक्षेप कुठे, हा फरक पुसला जातो. लेखनिकांच्या सवयींवरून पोथीचा प्रदेश-काळ शोधणाऱ्याला तोच फरक हवा असतो.

चौथी : ही स्वतंत्र नोंद नाही, आधीच्या अँटिफोनचा भाग आहे असं धरून ती त्याच्या नोंदीत एका वेगळ्या रकान्यात हलवायची, आणि तिथे अक्षरांऐवजी त्यांच्या डोक्यावरच्या चिन्हांतले गायनाचे स्वर लिहायचे. सर्वांत योग्य आणि सर्वांत मेहनतीची. प्रत्येक पान पुन्हा उघडावं लागणार, आणि चौकोनी स्वरलेखन वाचणारं माणूस लागणार.

या चौथ्या वाटेला आधीचा दाखला होता, हे निर्णायक ठरलं. लॅटिन चर्चगायनाच्या हस्तलिखितांची ‘कँटस’ ही माहितीपेढी १९८० च्या दशकात वॉशिंग्टनच्या कॅथलिक विद्यापीठात रूथ स्टाइनर यांनी सुरू केली. पुढे ती कॅनडात गेली. तिच्यात प्रत्येक अँटिफोनच्या नोंदीत मोडचा एक आणि डिफरेंशियाचा एक रकाना आहे. आपली सूची उद्या त्या सूचीशी ताडून पाहायची असेल तर साचा तसाच हवा. आणि कल्पना तर त्याहून कितीतरी जुनी. नवव्या शतकात मेट्झला आणि ९०० च्या सुमारास प्र्यूमच्या रेगिनोने ‘टोनरी’ नावाच्या याद्या केल्या, त्यांत अँटिफोन आधी मोडनुसार आणि मग शेवटानुसार लावलेले आहेत. मध्ययुगातल्या सूचीकारांनी जो रकाना पाडला होता, तो आमच्या तक्त्यात नव्हता.

काय केलं

सगळ्या नोंदींना हात घालण्याआधी एकाच पोथीतले नाताळचे विभाग नमुन्याला घेतले. स्वर वाचायला कोण, हा प्रश्न अनपेक्षित दिशेने सुटला. आमच्या गटात सासष्टीची एक मुलगी होती. तिच्या ओळखीचे एक निवृत्त गृहस्थ गोव्यातल्या गावच्या चर्चमध्ये गायनवृंद चालवत असत. तिकडे त्यांना पोर्तुगीज शब्दाने ‘मेस्त्र’ म्हणतात. १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर चर्चमधली लॅटिन मागे पडली. त्याआधी गोव्यात मोठ्या सणाच्या आदल्या संध्याकाळी लॅटिन ‘वेस्पर’, म्हणजे संध्याकाळची प्रार्थना, गायली जायची, आणि या गृहस्थांचं लहानपण तीच म्हणण्यात गेलेलं. फ्रान्समधल्या सोलेमच्या मठातून निघालेल्या छापील गायनपुस्तकांत ही सहा अक्षरं स्तोत्रांच्या अँटिफोनांखाली असतात.

व्हिडिओ कॉलवर पान दाखवलं. मी शब्दाबद्दल विचारायला तोंड उघडलं तर ते म्हणाले, “थांब गं, आधी स्वरांची किल्ली कुठल्या रेघेवर आहे ते दाखव.” पान मोठं केलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, बोटाने टेबलावर ठेका नव्हे, तर नुसता चढउतार दाखवला, आणि ‘सेकुलोरुम आमेन’ पूर्ण शब्दांत गायले. न थांबता त्याच श्वासात अँटिफोनचे पहिले शब्द, ‘तेकुम प्रिंचिपिउम’. मग मुद्दाम पुढच्या अँटिफोनचा शेवट घेऊन तोच पहिला अँटिफोन उचलून दाखवला. आवाज अडखळला. “कळलं?” त्यांनी विचारलं. “अंकल, पुन्हा एकदा,” असं आमची सासष्टीकरीण म्हणाली आणि तिने ते रेकॉर्ड करून घेतलं. प्रशिक्षणाच्या साहित्यात पुढे तेच रेकॉर्डिंग सर्वांत उपयोगी पडलं. डिफरेंशियावर दोन पानांची टीप लिहिली होती, ती कुणी वाचली असेल असं वाटत नाही.

नंतर यांत्रिक भाग. संगणक विभागाने ‘ज्यात एकही व्यंजन नाही अशी प्रत्येक नोंद’ शोधून ती आधीच्या नोंदीला जोडायचा प्रस्ताव ठेवला. थोड्या नमुन्यावर चालवून पाहिलं आणि ते बरंच झालं, कारण चाळणीत भलतंच अडकलं : ‘आएउइआ’. ईस्टरच्या विभागात हे पानोपानी येतं. हा त्याच कुळातला संक्षेप आहे, पण ‘आलेलुइया’चा. तो स्तोत्राच्या चालीचा शेवट दाखवत नाही, अँटिफोनच्या अखेरीस गायचा शब्दच आहे. आंधळेपणाने जोडलं असतं तर ईस्टरचे सगळे अँटिफोन चुकीच्या शेवटांसह नोंदले गेले असते.

दुसरा खड्डा बाहेरच्या पोथ्यांशी तुलना करताना लागला. सेंट गॅलन मठातल्या, सुमारे १००० सालच्या हार्टकरच्या अँटिफोनरीत रेघा नाहीत. तिथे समासात सुटी अक्षरं आहेत, आणि त्यातली स्वराक्षरं चालीचा शेवट सांगत नाहीत, मोड सांगतात : आ म्हणजे पहिला, ए दुसरा, इ तिसरा, अशी रांग. शेवट सांगायला त्यांच्यासोबत व्यंजन. स्वराक्षर दिसलं की डिफरेंशिया समजा, असा नियम केला असता तर तिथे तो उलटा पडला असता. म्हणून नियम न करता प्रत्येक पोथीसाठी आधी लेखनिकाची पद्धत एका परिच्छेदात लिहायची, मगच तिच्या नोंदी हलवायच्या, असं ठरलं.

लेखनाबाबत तडजोड झाली. पोथीत जे रूप आहे ते एका रकान्यात जसंच्या तसं, शोधासाठी एकच प्रमाण रूप दुसऱ्यात, आणि स्वर तिसऱ्यात. सात अक्षरांची ‘दुरुस्ती’ मागे घेतली. त्या स्वयंसेवकाला कारण कळवलं तेव्हा त्याने उलट आणखी दोन ठिकाणं दाखवून दिली. प्रदर्शनाचा फलक छापायला जाण्याआधी बदलला. बाखुस गेला, आणि त्याच्या जागी सहा अक्षरं कशी वाचायची ते आलं.

दोन सुटी पानं

या सगळ्या खटाटोपाचा उपयोग काय, हे एका जोडीने दाखवलं. ‘एवोवाए’ने सुरू होणाऱ्या पानांच्या त्या फोल्डरमध्ये एक पान होतं. वर सहा अक्षरं आणि स्वर, मग तांबड्यात स्तोत्राचा पहिला शब्द, ‘कॉन्फितेबोर’, आणि खाली ‘एक्सॉर्तुम एस्त इन तेनेब्रिस’ हा अँटिफोन. वरची कड कापलेली, पान क्रमांक गेलेला.

नुसत्या ‘कॉन्फितेबोर’वर काही ठरत नाही. या शब्दाने सुरू होणारी स्तोत्रं एकाहून जास्त आहेत, आणि त्यातलं एक दर रविवारी संध्याकाळी येतं. पण ‘एक्सॉर्तुम’ नाताळच्या दिवशीच्या संध्याकाळच्या प्रार्थनेतला तिसरा अँटिफोन. त्याच्या आधीचा दुसरा ‘रेदेम्प्तिओनेम मिसित’, स्तोत्र ‘कॉन्फितेबोर’च, मोड सातवा. सातव्या मोडचा मुख्य स्वर डी. आमच्या पानावरची सहा अक्षरं डी स्वरावरच सुरू होत होती.

मग दुसऱ्या फोल्डरमध्ये शोध घेतला. एका पानाच्या तळाशी शेवटचे शब्द सापडले, ‘तेस्तामेंतुम सुउम’. ‘रेदेम्प्तिओनेम’चा शेवट तोच. ओळीच्या टोकाला एक छोटं, शेपटीवालं चिन्ह होतं. त्याला ‘कुस्तोस’ म्हणतात. पुढची ओळ कोणत्या स्वरावर सुरू होणार हे ते गायकाला आधीच सांगतं. ते डीच्या जागी होतं. शाईचा रंग, रेघांमधलं अंतर आणि अक्षराचं वळण जुळलं. दोन्ही पानं एकाच पोथीतली, लागोपाठची, आणि तिथवर ती वेगळ्या फोल्डरांत पडलेली होती, कारण एकाच्या माथ्यावरच्या खुणेला गाणं समजलं गेलं होतं.

निष्पत्ती

नमुन्याच्या पोथीतल्या सगळ्या नोंदी नव्या साच्यात गेल्या. सूचीतलं सर्वांत लोकप्रिय ‘गाणं’ नाहीसं झालं आणि गाण्यांची एकूण संख्या बरीच खाली आली. हे व्यवस्थापनाला समजावून सांगावं लागलं, कारण अहवालात आकडा कमी होणं कुणाला आवडत नाही.

एक फायदा कुणी धरला नव्हता. अँटिफोनरीत ही सहा अक्षरं अँटिफोननंतर येतात; वाचनानंतर गायच्या लांब ‘रेस्पॉन्सरी’नंतर येत नाहीत. जिथे तांबडी शाई उडून गाण्याचा प्रकार सांगणारं अक्षर दिसेनासं झालं होतं, तिथे एवोवाए आहे म्हणजे वरचं गाणं अँटिफोन, इतकं तरी आता खात्रीने लिहिता येतं.

बाकीच्या पोथ्यांचं काम धिम्या गतीने चालू आहे. स्वर वाचणारी माणसं मोजकी आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

स्वयंसेवकांसाठीची सूचना मुळातच अपुरी होती. ‘मोठं अक्षर म्हणजे नवं गाणं’ हा नियम छापील पुस्तकाच्या सवयीतून आला होता. तक्ता तयार करण्याआधी त्या पोथीतून एकदा गाऊन घेतलं असतं, तर पहिल्या तासातच कळलं असतं की हे सहा स्वर गाण्याच्या सुरुवातीला येत नाहीत, ते शेवटाला चिकटलेले आहेत. गाणारा माणूस सूचीच्या कामात अगदी शेवटी आला. तो साचा ठरवणाऱ्या पहिल्या बैठकीत हवा होता.

टिपांचा रकाना खुला ठेवणं माझ्या मते योग्यच होतं. स्वयंसेवकांच्या कित्येक टिपा अस्सल निघाल्या आहेत. गफलत झाली ती त्या रकान्यातून फलकाच्या मसुद्यात मजकूर उचलताना, कारण मध्ये तपासणारं कुणी नव्हतं. आता टिपेपुढे ‘तपासली’ असा शेरा पडल्याशिवाय ती बाहेर जात नाही.

सुट्या पानांची वर्गवारी पहिल्या ओळीवर करणं मात्र पुढेही टाळावं असं मी सुचवलं आहे. पानाचा तळ जास्त बोलतो. तिथे तुटलेलं वाक्य असतं, कुस्तोस असतो, आणि पुढचं पान कशाने सुरू व्हायला हवं याचा अंदाज असतो. सध्या फोल्डरांवर दोन लेबलं लागतात, एक माथ्याचं आणि एक तळाचं. ‘आ ए’ अशी दोनच अक्षरं असलेल्या नोंदी अजून बाजूला ठेवल्या आहेत. त्यांच्यावरचे स्वर वाचून होईपर्यंत त्या कुणाच्याही रकान्यात जाणार नाहीत.